आग्वादचा दिवा आणि दिव्याखालची माणसे

'दीपस्तंभ' हा एकच शब्द मराठीत दोन अगदी वेगळ्या वास्तूंसाठी चालतो, याचे आम्हा पेडणेकरांना कधी नवल वाटत नाही. देवळाच्या प्रांगणात उभा असतो तो एक दीपस्तंभ. मंगेशीचा सात मजली स्तंभ गोव्यातच काय, महाराष्ट्रातल्या घराघरांतल्या कॅलेंडरांवरही पोहोचला आहे. दुसरा दीपस्तंभ समुद्रकाठचा. पोर्तुगीज त्याला 'फारोल' म्हणत. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया बंदरासमोर फारोस नावाचे बेट होते आणि इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्या बेटावर एक प्रचंड दीपगृह उभारले गेले होते. त्या बेटाचे नाव पुढे युरोपातल्या अनेक भाषांत दीपगृहाचेच नाव होऊन बसले. आपल्याकडे जुन्या पिढीच्या तोंडी हा फारोल शब्द अजून ऐकू येतो.

देवळातला दिवा लावायचा तो देवासाठी, आणि उजेड पडतो तो माणसांच्या वाटेवर. समुद्रकाठचा दिवा कुणासाठी लावतात? 'जहाजांसाठी' असे उत्तर चौथीतला मुलगाही देईल. पण कुणाच्या जहाजांसाठी, कुणाच्या हुकुमाने, आणि तो दिवा वर फिरत असताना खाली पायथ्याशी कोण होते, हे विचारू लागले म्हणजे गोष्ट लांबते. आग्वादच्या दीपगृहावर मी दोनतीन वेळा जाऊन आलो. दर वेळी सूर्यास्त पाहायला आलेल्या पर्यटकांच्या गर्दीत उभे राहून मनात हाच प्रश्न येत राहिला. तो सीमाभागातल्या वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

आग्वादचा किल्ला बार्देशात, मांडवीच्या मुखाशी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी डच लोकांनी गोव्याच्या तोंडाशी गलबते आणून पोर्तुगिजांची झोप उडवली, तेव्हा नदीचे तोंड राखण्यासाठी हा किल्ला बांधण्यात आला. १६१२ मध्ये तो पुरा झाला. 'आग्वा' म्हणजे पाणी. लिस्बनहून कित्येक महिने समुद्र कापून आलेल्या गलबतांना गोड्या पाण्याची पहिली भेट इथे व्हायची. वरच्या किल्ल्याच्या पोटात जमिनीखाली जी टाकी आहे तिच्यात २३ लाख ७६ हजार गॅलन पाणी मावते, असे सांगतात. एके काळी किल्ल्यावर ७९ तोफा होत्या. टेकडीच्या माथ्यावरचा किल्ला आणि अगदी पाण्याला लागून असलेला खालचा कोट असे याचे दोन भाग आहेत. खालचा कोट वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

जुना दीपस्तंभ वरच्या किल्ल्यात आहे. गोल, चार मजली, सुमारे १३ मीटर उंच, चुन्याने रंगवलेला. तो १८६४ साली उभा राहिला. आशियातला सर्वांत जुना दीपस्तंभ म्हणून वाटाडे त्याची ओळख करून देतात, अनेक माहितीपुस्तकांतही हे वाक्य छापलेले आढळते. ते खरे नाही. सिंगापूरच्या तोंडाशी पेद्रा ब्रांका नावाच्या खडकावर हॉर्सबर्ग दीपगृह १८५१ सालीच उजळले होते, आणि खुद्द हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यावरही आग्वादच्या आधीचे दिवे होते. गंमत म्हणजे त्या सिंगापुरी खडकाचे नावही पोर्तुगीजच, 'पांढरा खडक' अशा अर्थाचे. आपल्या गावातली वस्तू आपण प्रेमाने मोठी करून सांगतो, त्याला माझी हरकत नाही. आग्वादचा मनोरा मात्र खोट्या बिरुदावाचूनही पुरेसा थोर आहे.

किल्ल्यातल्या एका घंटेची हकीकत इथे सांगून टाकतो. जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची मोठी घंटा मठ ओस पडल्यावर काही काळ आग्वादला आणून टांगली होती. १८७१ मध्ये ती पणजीच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये नेली आणि आजही ती तिथेच आहे. पणजीच्या पायऱ्यांवर उभे राहून तिचा नाद ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती कधी समुद्रावर वाजत होती हे ठाऊक असते.

तर १८६४. हे साल एकटे घेतले तर त्यातून काही उमजत नाही, शेजारची साले पाहावी लागतात. चीनच्या किनाऱ्यावर मकाव हे पोर्तुगिजांचेच ठाणे. तिथल्या गुइया टेकडीवरचे दीपगृह १८६५ साली पेटले. जपानने १८६६ साली इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका आणि हॉलंड या चार सत्तांशी जो करार केला त्यात आपल्या किनाऱ्यावर दीपगृहे उभारण्याचे कलम जपानला मान्य करावे लागले. योकोहामाच्या वाटेवरचे कान्नोनझाकीचे दीपगृह एका फ्रेंच इंजिनिअराने बांधले आणि ते १८६९ च्या आरंभी सुरू झाले. त्याच सुमारास ब्रंटन नावाचा स्कॉटिश इंजिनिअर जपान सरकारच्या नोकरीत दाखल झाला, आणि १८७६ पर्यंत त्याने जपानभर दोन डझनांहून अधिक दीपगृहे उभी केली. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला. वाफेची जहाजे आली, ती वाऱ्याची वाट पाहत नसत आणि रात्रीही चालत. जहाजात भरलेल्या मालाची किंमत वाढली, विमेवाले हिशेब मागू लागले. काळोखा किनारा ही व्यापाऱ्यांना परवडणारी गोष्ट उरली नाही. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० नंतर काचेच्या कड्या एकात एक बसवून असे भिंग बनवले होते की दिव्याचा चहूकडे उधळणारा उजेड गोळा होऊन आडव्या पट्ट्यासारखा दूर फेकला जाई. त्यामुळे साध्या तेलाच्या दिव्यालाही कित्येक मैलांचे बळ आले. म्हणजे लिस्बन, पणजी, मकाव, योकोहामा या एकाच माळेतल्या पणत्या होत्या, आणि माळ ओवणारा हात व्यापाराचा होता.

जपानची गोष्ट मी मुद्दाम काढली. तो देश पुन्हा आपल्या लेखात येणार आहे, तोही थेट डिचोलीच्या रस्त्याने. त्याआधी तिथल्या एका बेटाविषयी सांगतो. तोक्योच्या दक्षिणेस एनोशिमा नावाचे एक लहानसे रमणीय बेट आहे. बेटावर देऊळ आहे बेन्झाइतेन या देवीचे. ही देवी म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिथवर पोहोचलेली आपली सरस्वती. तिच्या हातात वीणेच्या जागी बिवा नावाचे तंतुवाद्य असते. बेटाच्या माथ्यावर एक मनोरा आहे. तो एकाच वेळी दीपगृहही आहे आणि देखावा पाहायची गच्चीही. तिथला पहिला मनोरा १९५१ चा. युद्धकाळात हवाई छत्रीने उडी मारायचे शिक्षण देण्यासाठी दुसरीकडे उभारलेला लोखंडी सांगाडा हलवून तो तयार केला होता आणि त्याला नाव दिले होते शांतीचा मनोरा. आताचा नवा मनोरा २००३ चा. लोक तिकीट काढून वर जातात, फुजीचा पर्वत दिसला तर धन्य होतात. परक्या सत्तांनी करारात घालून लादलेली दीपगृहे जपान्यांनी दहाबारा वर्षांत स्वतःची केली. परके इंजिनिअर माघारी गेले, जपानी माणसे दिवे बांधू आणि सांभाळू लागली. दिव्याशी त्यांचे घरगुती नाते जडले.

आपल्याकडे तसे झाले नाही. का झाले नाही, हे आग्वादच्या माथ्यावर उभे राहिले की कळू लागते.

जुन्या मनोऱ्याचा दिवा १९७६ मध्ये विझला आणि शेजारी बांधलेल्या नव्या चौकोनी मनोऱ्याकडे ते काम गेले. मी गेलो तेव्हा जुन्याचे दार बंद होते. नव्यावर मात्र सायंकाळी ठरावीक वेळात तिकीट काढून चढता आले. शेवटची शिडी अरुंद, माझ्या वयाला न शोभणारी. वर पोहोचल्यावर वारा असा लागतो की टोपी हातात धरावी लागते. समोर मांडवीचे विस्तीर्ण मुख, पलीकडे काबो आणि त्यावरचे राजभवन, त्याच्याही पलीकडे मुरगावचे भूशिर. उत्तरेला शिकेरी, कांदोळी, कळंगुट अशी वाळूची पिवळी कड लांबवर गेलेली. शंभर मीटर उंचीवरून पाहिले तर क्षितिज साधारण ३६ किलोमीटरांवर असते, असे गणित आहे. म्हणजे स्वच्छ हवेत इथून जो पाण्याचा पट दिसतो त्याची लांबी पणजी ते पेडणे अंतराइतकी भरेल. खलाशाला मात्र नुसता दिवा दिसून भागत नाही, तो कोणता दिवा आहे हे कळावे लागते. म्हणून प्रत्येक दीपगृहाची उघडझापीची लय वेगळी ठेवतात. अंधारात डेकवर उभा असलेला माणूस सेकंद मोजतो, नकाशाशी ताडतो आणि म्हणतो, हा आग्वाद.

हा दिवा समुद्रावरून, म्हणजे पुढून, मी पाहिला तो मुंबईच्या बोटीवरून. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावे उच्चारली की माझ्या वयाच्या माणसांच्या नाकात अजून इंजिनाच्या तेलाचा आणि भिजलेल्या दोरखंडांचा वास येतो. सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला लागायची. रात्री निवती-वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरचा दिवा मागे पडला की जागी असलेली माणसे दक्षिणेकडे डोळे लावून बसत. आग्वाद दिसला की कुणीतरी 'गोंय पावलें' म्हणायचा आणि मग वळकट्या बांधायची घाई.

पण बोटीवरचे प्रवासी सोडले तर आम्हा पेडणे-डिचोलीच्या माणसांनी हा दिवा नेहमी पाठीमागूनच पाहिला. दीपगृहाचे तोंड समुद्राकडे असते. जमिनीवरच्या माणसांना उजेड दाखवण्याचे त्याला कारण नसते. १८६४ मध्ये तो पेटला तेव्हा पेडणे महाल पोर्तुगिजांकडे येऊन पाऊणशे वर्षे झाली होती. कोल्हापूरकरांविरुद्ध मदत मिळावी म्हणून सावंतवाडीच्या खेम सावंतांनी १७८८ साली पेडणे पोर्तुगिजांना दिले. डिचोली आणि सत्तरी त्याआधी काही वर्षे, १७८० नंतर त्यांच्या हाती गेली होती. या 'नव्या काबिजादी'. बार्देश, तिसवाडी, सासष्टी या जुन्या काबिजादींतली माणसे तारवटी होऊन जगभरच्या जहाजांवर गेली, त्यांच्या घरी आग्वादचा दिवा म्हणजे परत आलेल्या बापाची खूण. आमची माणसे चालत बांद्याला, सावंतवाडीला, रामघाटाने बेळगावला जात. आमच्या वाटेवर असा दिवा नव्हता. मोरजी-हरमलचे रापणकार तर दिव्यावाचूनच समुद्र ओळखत. डोंगराचा एखादा सुळका आणि किनाऱ्यावरचा ठरावीक माडांचा पुंजका एका रेषेत आला की आपण कुठे आहोत हे त्यांना नेमके कळे. हे ज्ञान कुठल्या नकाशात नसते आणि ते झपाट्याने नाहीसे होत आहे.

पेडण्याच्या किनाऱ्याला दीपगृह मिळाले नाही, टेहळणीचा बुरूज मिळाला. तो तेरेखोलचा. तेरेखोल नदी ही गोव्याची उत्तर सीमा असे शाळेत शिकवतात, पण तेरेखोल गाव आणि किल्ला नदीच्या उत्तर तीरावर, म्हणजे सिंधुदुर्गाच्या बाजूला आहे. केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडली की आपण पुन्हा गोव्यातच. दहा मिनिटे उत्तरेला चालले की महाराष्ट्र. ही विचित्र सीमा लढाईने आखली. किल्ला मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा, सतराव्या शतकातला. त्यांची गलबते या खाडीत उभी असत. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो घेतला. त्याच मोहिमेत त्याने पेडणे महालातला हळर्णचा किल्लाही घेतला आणि लिस्बनच्या दरबाराने खूश होऊन त्याला 'आलोर्नाचा मार्केस' ही पदवी बहाल केली. आमच्या हळर्णचे नाव असे एका पोर्तुगीज सरदार घराण्याच्या कपाळी लागले! त्याची नात लिओनोर ही पुढे पोर्तुगालची नावाजलेली कवयित्री झाली आणि तिथल्या वाङ्मयेतिहासात ती 'मार्केझा द आलोर्ना' म्हणूनच ओळखली जाते. लिस्बनच्या शाळांतून मुले हे नाव पाठ करतात. ते पेडण्यातल्या एका खेड्याचे नाव आहे हे ना त्यांना माहीत, ना हळर्णच्या मुलांना.

दीपगृह आणि टेहळणीचा बुरूज दोन्ही उंचावर बांधतात, दोन्हींवरून दूरवर दिसते. दीपगृह येणाऱ्याला 'मी इथे आहे' असे सांगते. बुरुजावरचा पहारेकरी येणाऱ्याला पाहतो आणि स्वतः दिसू नये म्हणून धडपडतो. तेरेखोलच्या तटावर उभे राहिले की केरीची पुळण, हरमलचा खडकाळ कडा, मागे रेडीकडची हिरवाई एका नजरेत येते. मला तर आग्वादपेक्षा हाच देखावा अधिक सुंदर वाटतो, जरी त्यात आपलेपणाचा पक्षपात असेल. पण हा बुरूज कुणावर डोळा ठेवून होता? पलीकडच्या काठावरच्या, आमच्यासारखीच बोली बोलणाऱ्या, आमच्याशी सोयरिकी असलेल्या माणसांवर.

१५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड अफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यात शिरून तिरंगा फडकवला. अल्पकाळ का होईना, पोर्तुगिजांच्या या टोकाच्या बुरुजावर तो फडकला. मग सगळे पकडले गेले. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात, पनवेलचे हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर तेरेखोलला धारातीर्थी पडले. त्याच दिवशी पेडणे तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, पत्रादेवीच्या नाक्यावर, पंजाबचा कर्नेलसिंग गोळीला बळी पडला. आज पत्रादेवीवरून मुंबईच्या आरामगाड्या भरधाव जातात. हुतात्मा स्मारकाशी उतरणारे थोडेच.

पकडलेल्यांचे पुढे काय होई? इथे आपण पुन्हा आग्वादला येतो, पण टेकडीच्या माथ्यावर नव्हे. पाण्याला लागून असलेला जो खालचा कोट, त्यात तुरुंग होता. फ्रेनेलच्या भिंगाचे वैशिष्ट्य वर सांगितलेच, ते उजेड आडवा फेकते. त्यामुळे वीसपंचवीस मैलांवरच्या गलबताला जो प्रकाश दिसतो तो नेमक्या पायथ्याच्या कोठड्यांवर पडत नाही. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण आपल्या पूर्वजांनी समईकडे पाहून केली असेल. आग्वादला ती शब्दशः खरी होती.

डॉ. राममनोहर लोहिया १८ जून १९४६ ला मडगावात बोलायला उभे राहिले आणि गोव्यात नागरी हक्कांची चळवळ पेटली. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर ते पुन्हा आले तेव्हा कुळे स्टेशनावर त्यांना उतरवून आग्वादमध्ये डांबले. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांनाही याच वर्षी लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली. आग्वादहून त्यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवले. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे हेही पोर्तुगालला धाडले गेले. पेनिशही समुद्रातच घुसलेले भूशिर, त्याच्या टोकाला काबो कार्व्होएरूचे अठराव्या शतकातले दीपगृह. एका दिव्याखालून उचलून दुसऱ्या दिव्याखाली ठेवलेली ही माणसे! १९५५ मध्ये सत्याग्रही आले ते महाराष्ट्रातून, बंगालमधून, कर्नाटकातून. नानासाहेब गोरे, शिरूभाऊ लिमये, मधू लिमये, त्रिदिब चौधरी, जगन्नाथराव जोशी यांना दहादहा-बाराबारा वर्षांच्या शिक्षा ठोठावल्या. १९५७ पर्यंत ते आग्वादला होते. सांगलीहून येऊन सावई-वेऱ्याला मराठीचे मास्तर झालेले मोहन रानडे १९५५ च्या ऑक्टोबरात बेतीच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. आग्वादचा एकांतवास भोगून १९६० मध्ये त्यांची रवानगी लिस्बनजवळच्या काशियश तुरुंगात झाली. गोवा स्वतंत्र होऊन सात वर्षे उलटली तरी ते तिथेच होते, सुटले १९६९ च्या जानेवारीत.

ही झाली पुस्तकांत आलेली नावे. पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या कितीतरी साध्या माणसांनी, शाळामास्तरांनी, दुकानदारांनी, कुळांनी आग्वादच्या कोठड्या पाहिल्या. आमच्या वाड्यावर असे एक गृहस्थ होते. तुरुंगाविषयी ते बोलत नसत. फक्त पावसाळ्यात लाटांचा आवाज घरापर्यंत आला की उठून खिडकी लावून घेत. ते का, हे त्यांना विचारायचे धाडस आम्हां मुलांपैकी कुणाला झाले नाही.

शेवटचे रक्तही तिथेच सांडले. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य दोडामार्गाच्या बाजूने थिवीमार्गे बार्देशात उतरले आणि संध्याकाळी मांडवीच्या काठी बेतीला पोहोचले. पलीकडे पणजी. आग्वादमध्ये राजबंदी आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, असे कळल्यावर त्या रात्री एक तुकडी किल्ल्याकडे निघाली. तिथल्या पोर्तुगीज शिपायांपर्यंत शरणागतीचा हुकूम पोहोचला नव्हता. झालेल्या गोळीबारात मेजर शिवदेवसिंग सिधू आणि कॅप्टन विनोद सेहगल हे दोघे अधिकारी ठार झाले. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. शिकेरीच्या पंचतारांकित वाटेने सूर्यास्ताला जाणाऱ्या किती जणांना ही दोन नावे माहीत असतील, कोण जाणे.

आता डिचोलीचा रस्ता. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे मुरगाव हे या किनाऱ्यावरचे तटस्थ बंदर होते. १९४३ च्या ऑक्टोबरात जपानची 'तेया मारू' आणि स्वीडनची 'ग्रिप्सहोल्म' ही दोन जहाजे तिथे शेजारी-शेजारी लागली. एकीवर जपानने अडकवून ठेवलेले दीड हजारांच्या आसपास अमेरिकन आणि इतर नागरिक, दुसरीवर अमेरिका खंडातून परत धाडलेले जपानी. माणसांची अदलाबदल झाली आणि जहाजे आल्या वाटेने गेली. युद्ध संपल्यावर काही वर्षांतच जपानी जहाजे पुन्हा मुरगावला येऊ लागली, पण आता ती आमच्या तांबड्या मातीसाठी येत होती. बेचिराख झालेल्या जपानला पोलाद हवे होते, आणि शिरगाव, मये, पाळे, सुर्ला हा सगळा डिचोलीचा पट्टा लोहखनिजावर बसलेला. नंतर कित्येक दशके जपान हे गोव्याच्या खनिजाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते. २००० नंतर ती जागा चीनने घेतली.

हे खनिज बंदरापर्यंत जायचे कसे? ट्रकने सारमानससारख्या धक्क्यांवर, तिथून बार्जमध्ये, मांडवीतून पणजीवरून खाली, आग्वादच्या पायथ्याचा उपसागर ओलांडून मुरगावला. पावसाळ्यात मात्र मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध आणि खवळलेला समुद्र, म्हणून बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरत. आग्वादच्या गच्चीवरून या बार्जची रांग मी पाहिली आहे. लाल ढिगारे घेऊन मुंग्यांच्या ओळीसारख्या शांतपणे सरकणाऱ्या. त्या ढिगाऱ्यांत डिचोलीचे डोंगर होते, आटलेल्या विहिरी होत्या, शेतांत उतरलेला गाळ होता. त्यात मुलांच्या कॉलेजच्या फिया होत्या आणि नवी घरेही होती, हेही न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. एनोशिमाच्या मनोऱ्यावर उभा राहून फुजीकडे पाहणारा जपानी माणूस ज्या पोलादाच्या गच्चीवर उभा आहे, तशा पोलादात मयेची चिमूटभर माती असेलच, असा विचार मनात आला की मला उगाच हसू येते.

दीपगृह म्हणजे सुरक्षिततेची हमी, असे मानणाऱ्यांनी २००० सालचा जून आठवावा. आग्वादच्या अगदी कुशीत, कांदोळीच्या पुळणीवर 'रिव्हर प्रिन्सेस' नावाचे अजस्र जहाज पावसाळी समुद्रात वाहत येऊन रुतले. वर दिवा फिरत होता, खाली जहाज गंजत होते, आणि हे दृश्य दहा वर्षांहून अधिक काळ तसेच राहिले. समितींवर समित्या, निविदांवर निविदा. शेवटी तुकडे करून ते हलवले.

२०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चपासून पुन्हा सामसूम झाली. लिलावांनंतर डिचोलीत परत सुरुवात झाली आहे. आग्वादचा तुरुंग २०१५ मध्ये कोलवाळला हलला. आमच्या पिढीच्या मनात 'आग्वाद' म्हणजे कैद हा जो अर्थ होता तो तिथे संपला. जुन्या कोठड्यांची डागडुजी होऊन २०२१ च्या डिसेंबरपासून तिथे संग्रहालय आहे. वर दीपगृह पाहून परतणाऱ्यांनी खालीही उतरावे. उतरायला पंधरा मिनिटे लागतात.

आणि पेडण्याच्या वाट्याला अखेर एक दिवा आला तो आकाशाकडे तोंड करून. मोपाच्या पठारावरचा विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटित झाला, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. त्यासाठी कुणाच्या बागायती आणि कुणाची गुरांची कुरणे गेली, ते आसपासच्या गावांना ठाऊक आहे. रात्री दहानंतर आमच्या अंगणातून पाहिले तर धावपट्टीच्या बाजूचे आभाळ फिकट पिवळे दिसते. मुंबईचे विमान तासाभरात येते. त्यातल्या माणसांना खिडकीतून उजव्या-डाव्या हाताला काळ्या समुद्राची कड दिसते, तेरेखोलचे मुख दिसते, आणि पलीकडच्या काठावर रेडीचे दिवे.